चिलखतावरचे पाच डाग

मुक्काम तळवडे
वसुबारस, दुपार

चिरंजीव ज्योतीराम यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, शालनचे, टकलावरून हात फिरवून आशीर्वाद. (सहासष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहायचं का, असं मनात आलं होतं. पण मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे आणि ते काही आता बदलत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? दापोडीच्या पुलाचा जिना चढताना अजून वाजतो का? रुक्मिणीच्या कंबरेला मी दिलेल्या तेलाचा गुण आला का, की बाटली अजून देवळीत बसून वाट बघतीय? खोकल्याचं औषध संपवलंस का? अर्धी बाटली ठेवून बरं वाटलं म्हणायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आम्ही इकडं सगळे खुशाल. तुझ्या भाच्याला, दादासाहेबाला, कंपनीत दिवाळीचा ओव्हरटाइम लागलाय. सूनबाईची चकली यंदा तेलात मोडत नाही, त्यामुळं घरात शांतता आहे. आणि दादासाहेबाच्या लेकीचं, आपल्या उत्कर्षाचं, पुढं येणारच आहे, कारण सगळं पत्र तिच्या त्या लोखंडी कारभारावरूनच जाणार आहे.

अक्षराला हसू नको. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर ते, त्यात मी हे उभ्यानं लिहितेय. स्वयंपाकाच्या ओट्यावर पिठाचा डबा, डब्यावर पोळपाट, पोळपाटावर कागद, आणि मी खांबासारखी ताठ. बसायला काय झालं असं तू म्हणशील. बसता येत नाही. का, ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू हसत बसशील आणि मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं वाचायला हवंय. फोन का नाही केला, तेही शेवटीच. तसा फोन करून तरी काय मिळतं? गेले दोन आठवडे तू फोन उचलतोस, "बरा हाय" म्हणतोस आणि रुक्मिणीच्या हातात देतोस. दोन शब्दांत बहिणीची बोळवण. आणि मला जे सांगायचंय ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, कारण मी फोनवर बोलले की समोरच्या बिल्डिंगमधल्या सोपानरावांना ऐकू जातं. ते परवा मला म्हणाले, वहिनी, तुमच्या जावेच्या ऑपरेशनचे टाके निघाले का? मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

तर चिलखत. मला अजून रोज सकाळी उठल्यावर नवल वाटतं की आपल्या घरात चिलखत आहे. (घरात म्हणजे मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पण अंगणही घरच.) उत्कर्षा चाकणच्या कंपनीत गाड्यांची दारं तपासायची, कुठं पोचा आहे, कुठं चरा आहे. कंत्राट संपलं आणि तिला घरी बसवलं, तर पोरगी म्हणाली, दुसऱ्याच्या पत्र्यातले पोचे बघून कंटाळले, आता मीच पत्रा ठोकते. सूनबाईला वाटलं पोरगी दुःखानं बोलतीय. ती खरंच ठोकायला लागली. मोबाईलवर तिकडच्या लोकांचं बघून बघून हाताची बोटं झाकणारा एक लोखंडी पंजा केला, त्याचे फोटो टाकले, आणि कुठल्याशा थंड मुलखातल्या एका शाळामास्तरणीनं अख्खं चिलखतच मागितलं. ती बाई आणि तिच्यासारखे पाचपन्नास जण वर्षातून दोनदा माळावर जमतात, चार-पाचशे वर्षांमागच्या शिपायांसारखे लोखंडात शिरतात आणि एकमेकांना बडवतात. मग एका पंगतीला बसून जेवतात. (आपल्या भावकीत बडवाबडवी होते, पण नंतरची पंगत होत नाही. त्यांची रीत मला बरी वाटली.)

आणि ज्योत्या, तुला हे शंभरदा सांगून झालंय, तरी परत सांगते. त्या मास्तरणीचं माप आलं, छाती, पोट, खांदा, मानेपासून कंबर, आणि उत्कर्षानं टेप घेऊन घरातल्या सगळ्या बायकांना मोजलं, तर ते बोटाच्या फरकानं माझं माप. एकाहत्तर वर्षं मी या देहाला दुकानात, लग्नात, दवाखान्यात बोलणी खाताना ऐकलंय. शिंपी म्हणायचा, बाई, कापड पुरायचं नाही. आणि त्या दिवशी माझी नात मला म्हणाली, आज्जी, तुझ्यावाचून हे काम होणार नाही. मी चार महिने जो तुकडा तयार होईल तो अंगावर चढवून शेडमध्ये उभी राहत होते. नऊवारीवर लोखंड. खाली बांगड्या, वर लोखंडी बाह्या. गॅसवाला आला तेव्हा घरात कुणी नव्हतं, म्हणून मीच तशी दार उघडायला गेले. डोक्यावर ते तोंड झाकायचं टोपडंसुद्धा होतं. त्यानं सिलिंडर खाली ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि मोबाईलवर आलेला आकडा न विचारताच गेला. दुसऱ्या महिन्यापासून सिलिंडर सोपानरावांकडं ठेवून जातो.

पण खरं काम तुझं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथं लिहिते. उत्कर्षानं पहिल्यांदा छातीचा पत्रा ठोकला तेव्हा तो उकडलेल्या रताळ्यासारखा दिसत होता. मीच म्हटलं, माझ्या भावानं चाळीस वर्षं मुंबई रस्त्याच्या कडेला गॅरेजात ठोकलेल्या गाड्या सरळ केल्यात, त्याला बोलव. तू दुसऱ्याच दिवशी बसनं हजर झालास, डब्यात भाजीभाकरी आणि पिशवीत तुझ्या त्या घासून गुळगुळीत झालेल्या तीन हातोड्या. मी वाळूची पिशवी शिवून दिली, दादासाहेबाच्या कंपनीच्या जुन्या पँटची, दुहेरी टाका घालून. तीवर पत्रा ठेवून तू आतून ठोकायचास आणि छाती हळूहळू भरून यायची. गुडघ्याच्या आणि कोपराच्या वाट्यांना खळगा हवा होता, तर तू माझं दगडी उखळच उचलून शेडमध्ये नेलंस. त्यात मी तीस वर्षं मिरच्या कुटल्या होत्या. पहिली वाटी ठोकताना पोरगी शिंकून शिंकून रडली आणि तू म्हणालास, आता ही वाटी घालून कुणी पडलं तरी त्याला ठसका लागंल. (त्या मास्तरणीला हे कळवलेलं नाही.)

तुझं ते डोळे मिटून पत्रा चाचपणं मला फार आवडायचं. मऊ धोतराचा तुकडा तळव्याखाली घ्यायचा, हात सावकाश फिरवायचा आणि जिथं चिमटीएवढा उंचवटा असेल तिथं नेमकं थांबायचं. उत्कर्षा उजेड धरून शोधायची तरी तिला दिसायचं नाही, आणि तुला मिटल्या डोळ्यांनी सापडायचं. शेजारची पोरं तुला नऊ बोटांचे आजोबा म्हणायची, कारण तुझी उजव्या हाताची करंगळी गॅरेजातच जॅकखाली गेली, आणि तू त्यांना म्हणायचास, दहाव्या बोटानं मी चोरून जिलबी खातो, ते घरी ठेवलंय. मला वाटतं त्या चार महिन्यांत मी आणि तू जेवढं हसलो तेवढं लहानपणीसुद्धा हसलो नसू. लहानपणी आपल्याला वेळच कुठं होता?

आता खंडेनवमीचं. इथं माझा हात थांबतोय, पण लिहिते.

चिलखत तयार झालं होतं. घासून, चमकवून इतकं की छातीत तोंड दिसायचं (माझं तोंड त्यात रुंद दिसायचं, पण प्रसन्न दिसायचं). खंडेनवमीला अवजारांना विश्रांती, म्हणून हातोड्या बंद. तू तुझ्या घरी, उत्कर्षा आळंदीला मैत्रिणीकडं निघालेली. जाताना ती दारातून मागं फिरली आणि मला बजावून गेली. "आज्जी, हातोड्यांची पूजा कर, ग्राइंडरची कर. चिलखताला मात्र लांबूनच एक फूल. पाणी नाही, हळद नाही, हात तर अजिबात नाही." मी व्हय म्हटलं. तोंडानं म्हटलं.

मग मी हातोड्या धुतल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. उखळालासुद्धा वाहिलं. आणि चिलखताकडं बघितलं तर ते फळीवर उताणं पडलेलं, उघडं बोडकं. ज्योत्या, तूच सांग. दाराला नवी चौकट बसवली तर आपण हळदीची बोटं उमटवतो. नवी गाडी आणली तर तिच्या काचेला उमटवतो. आपल्या घरात जन्माला आलेली सगळ्यात देखणी वस्तू, परमुलखात निघालेली, तिथं लोक तिला काठीनं बडवणार, आणि तिला हळदीचं बोटसुद्धा नको? मला ते लेकीला कोऱ्या कपाळानं सासरी धाडल्यासारखं वाटलं. म्हटलं, एवढंसं लावू, उद्या पुसून टाकू, लोखंडाला काय कळतंय. हळद कालवली, पाचही बोटं बुडवली आणि छातीवर, बरोबर काळजाच्या जागी, टेकवली. पाच पिवळी बोटं. इतकी सुंदर दिसली की मी दोन वेळा लांब जाऊन बघून आले. आणि पूजेची वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, म्हणून ती ओली हळद रात्रभर तशीच. दसऱ्याला पहाटे उठून पदर ओला करून पुसली. (ओला केला. कोरड्यानं निघेना.) वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं आणि सोनं वाटायला बाहेर पडले. माझ्या मनात त्या दिवशी काहीसुद्धा नव्हतं, याचंच मला आता आश्चर्य वाटतं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी फोटो काढायला कागद सोडला, तेव्हा तू होतास, मी होते, उत्कर्षा होती आणि चहा घेऊन सूनबाई आलेली. छातीवर पाच तपकिरी डाग. उत्कर्षानं अंगठ्यानं घासून बघितलं, मग पॉलिशच्या चाकावर धरलं, तरी खाली खड्डे पडलेले. आरशात देवीचे व्रण. पोरगी तिथंच खाली बसली. मग म्हणाली, हे बोटांचे ठसे आहेत, घामाचा हात पोलादाला खातो, कुणी उघडा हात लावला? सूनबाईच्या मनात काही वाईट नव्हतं, पण तिची नजर तुझ्याकडं गेली, कारण दिवसभर चिलखताजवळ तूच असायचास. आणि मी. मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मला तर झोपेत ऐकू येतं. मी म्हणाले, ज्योतीरामाच्या हाताला लहानपणापासून घाम, शाळेत पाटीवरची अक्षरंसुद्धा पुसली जायची.

कुणी विचारलं नव्हतं, ज्योत्या. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पोरगी मला एवढं बजावून गेली होती, आणि सूनबाईसमोर मला पुन्हा एकदा "आत्याबाई, तुम्हाला सांगितलं होतं ना" ऐकायचं नव्हतं. (लोणच्याच्या बरणीच्या वेळी ऐकलं, वॉशिंग मशिनच्या वेळी ऐकलं.) तेवढ्यासाठी मी तुझी पाटी बाहेर काढली. साठ वर्षांपूर्वीची पाटी.

तू डागांकडं बघितलंस, जरा जास्तच वेळ. मग माझ्याकडं बघितलंस. मग उजवा हात खिशात घातलास आणि म्हणालास, "व्हय, माझाच आसंल. ताई म्हणती ते खरं हाय, माझ्या हाताला घाम सुटतो." डबा न उघडता पिशवीत टाकलास आणि दुपारच्या बसनं गेलास. हातोड्या इथंच राहिल्या. मला वाटलं लाजून हात लपवलास. मला वाटलं, आहे बाबा घाम, असेल त्याचाही एखादा हात लागलेला, काय सांगावं. माणूस स्वतःला किती सोयीचं काय काय सांगतं.

तेव्हापासून उत्कर्षा एकटीनं नवी छाती ठोकतेय. तीन पत्रे झाले. पहिला फाटला. दुसरा आणि तिसरा ताणले गेले आणि आता डब्याच्या झाकणासारखे करतात, इकडून दाबला की तिकडून टपाक, तिकडून दाबला की इकडून टुपुक. तू तापवून ओल्या फडक्यानं जे काहीतरी करायचास, पत्रा आखडून जागेवर यायचा, ते तिला जमत नाही. देवदिवाळीच्या आत पेटी जायला हवी, नाहीतर मास्तरीण माळावर परकर-पोलक्यात उभी राहणार. परवा पोरगी तो टपाक-टुपुक पत्रा मांडीवर घेऊन बसली होती. म्हटलं, तुझ्या मामाआजोबांना फोन लाव की. तर म्हणाली, "कुठल्या तोंडानं? त्यांनी चार महिने शिकवलं आणि मी सगळ्यांसमोर कुणाचा हात म्हणून विचारलं." ती स्वतःला खातेय. तू दापोडीत बसून रुक्मिणीकरवी डोळे साथ देत नाहीत म्हणून सांगतोस. आणि ज्या बाईनं हे सगळं केलं ती इकडं वसुबारसेचा उपास करून बसलीय. बसली नाही, उभी आहे.

आता आजचं. घरात दिवाळीची साफसफाई चालू आहे, आणि सकाळी उत्कर्षा म्हणाली, ती डागाची छाती उद्या भंगारवाल्याला देऊन टाकते, बघवत नाही. ती कुरिअरच्या माणसाकडं गेली, सूनबाई बाजारात, दादासाहेब शिफ्टला. मी शेडमध्ये गेले. म्हटलं, भंगारात जायच्या आधी एकदा अंगावर घालून बघावं, परत आपल्या मापाचं काही कोण करतंय. घातलं. पाठीचा पत्रा मागं, छाती पुढं, बगलेत खट्ट. गार लागलं, बरं वाटलं. आणि सवयीनं, देवापुढं उभं राहिल्यासारखा, मी उजवा हात छातीवर ठेवला.

पाची बोटं पाची डागांवर बसली. बांगड्या भरताना कासाराच्या हाताला माप कळतं तशी बसली. अंगठा अंगठ्यावर, आणि करंगळी करंगळीवर.

मी तशीच उभी राहिले. करंगळीवर. परत मोजले. चार नाहीत, पाच. ज्योत्या, हा उजव्या हाताचा ठसा, आणि तुझ्या उजव्या हाताला करंगळीच नाही. तुझा हात लागला असता तर चार डाग पडले असते. शिवाय तू फडक्याशिवाय पत्र्याला कधी हात लावलाच नाहीस, आणि तो घामामुळंच लावत नव्हतास, हे मला माहीत होतं, उत्कर्षाला माहीत होतं, आणि आम्ही तिघी बायका त्या डागांकडं टक लावून बघत होतो आणि एकीलाही पाचापर्यंत मोजता आलं नाही. तू मोजलेस. जास्त वेळ बघितलंस तेव्हा तू मोजत होतास. मग माझ्याकडं बघितलंस. आणि मग हात खिशात घातलास तो लाजेनं नाही, आम्ही मोजू नये म्हणून घातलास.

माझ्यासाठी एवढं करायला तुला कुणी सांगितलं होतं? मी तुझी पाटी सगळ्यांसमोर पुसली आणि तू माझ्यासाठी हात खिशात घातलास. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पोचे काढलेस, आणि जाताना स्वतःच्या नावाला एक पाडून घेऊन गेलास. मला राग आलाय तुझा. खूप राग आलाय. या रागातच पत्र लिहायला घेतलं.

तर असं आहे. डाग माझ्या बोटांचे. मी आज संध्याकाळी हे सगळ्यांना सांगणार आहे, सूनबाईलासुद्धा, ती चकली तळत असली तरी. ती जे म्हणायचं ते म्हणेल. भाऊबीजेला पाच दिवस आहेत. तू ये. ओवाळणी काही नको. पोरीच्या त्या पत्र्याला जागेवर आण आणि माझं तोंड गोड न करता नुसतं मला शिव्या दे, पण माझ्या अंगणात उभा राहून दे, सोपानरावांनाही ऐकू जाऊ दे. रुक्मिणीलाही आण. कंबर दुखत असेल तर तेलाची बाटली घेऊन या, इथं मी चोळते.

जास्त काय लिहू, ओट्यावर कागद संपत आला आणि पाय भरून आलेत. खोकल्याचं औषध पूर्ण घे.

तुझी चुकलेली, पण मोठीच असलेली बहीण,
शालन

ता. क. भाऊबीजेला ये असं वर लिहिलंय, पण खरं सांगायचं तर आत्ताच निघ. मी चिलखतात अडकलेय. घातलं म्हणून लिहिलं ना, ते काढलं असं कुठं लिहिलंय? बगलेतली ती खटकी तूच बसवली होतीस, मास्तरणीचे पट्टे लढताना सुटू नयेत म्हणून. ती तुझ्या अंगठ्यानंच उघडते. मी कालथा लावून बघितला, उलथनं लावून बघितलं, दाराच्या कडीला अडकवून ओढून बघितलं तर कडी निघाली. वाकता येत नाही, बसता येत नाही. उपास आहे हे एक बरं, पोटात जागाच नाही. संध्याकाळी गायवासराची पूजा आहे. गाईनं मला असं बघितलं तर ती वासरू घेऊन निघून जाईल. तेव्हा कबुली काही अडकले म्हणून दिलेली नाही. अडकण्याच्या आधी एक क्षण ठरलं होतं. नंतर फक्त घाई झाली.

ता. क. पत्र रोहिदासच्या रिक्षातून पाठवतेय, तो चारला दापोडीला निघतो. खिडकीतून देणार आहे, अंगावर चादर घेऊन. त्याला सांगणार थंडी वाजून आलीय. त्याच्याकडूनच सोडवून घ्यायला काय झालं असं म्हणू नको, पाच वाजेपर्यंत निगडीला कळेल. आणि फोन न करण्याचं कारण असं की मोबाईल कमरेच्या बटव्यात आहे आणि बटवा चिलखताच्या आत आहे. दुपारपासून दोनदा वाजला. आत अभंग सुरू होतो आणि बाहेर माझं सगळं अंग गुणगुणतं. तू निघालास की एकदा वाजव. मला उचलता येणार नाही, पण पोटाला कळेल.

ता. क. उत्कर्षा सहाला येते. तू आधी पोचलास तर ठीक. ती आधी आली तरी हरकत नाही, मी तिला असंच, चिलखतातच सांगेन. बोलणी जरा कमी लागतील. पण तू आलास आणि पोरं नऊ बोटांचे आजोबा म्हणून ओरडली, तर हात खिशात घालू नको. बाहेरच ठेव. मला सगळ्यांसमोर मोजून दाखवायचाय.